दोघांचा स्वयंपाक, मागणीचं विणकाम: मुलं बाहेर गेल्यानंतरच्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका घराचं आहे. दोघांची संमती घेऊन ते लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या बाईंना इथे ताई म्हणते, त्यांच्या यजमानांना काका. मी एका महिला मंडळाच्या समुपदेशन केंद्रात काम करते. ताई आमच्याकडे आल्या डिसेंबर २०२२ मध्ये.

मुलं परगावी गेली की आईला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: छंद जोपासा, मन रमवा. ताईंकडे लोकरीच्या विणकामाचा छंद होता, तोही तीस वर्षांचा. हातात सुया असूनही त्यांचं मन उतरत चाललं होतं, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

ताई सत्तावन्न वर्षांच्या, काका एकसष्ट. काका सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी लग्नानंतर जर्मनीत गेली. धाकटा मुलगा ऑगस्ट २०२२ मध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि घरात दोघंच उरली.

ताईंनी बाहेर नोकरी केली नाही. पहाटे पाचला उठायचं, दोन-तीन डबे भरायचे, दुपारी विणायला बसायचं, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. नाशिकची थंडी चांगली कडक असते, त्यामुळे स्वेटर हा घरातला गरजेचा कपडा. मुलांच्या शाळेचे निळे स्वेटर, काकांचे हाफ स्वेटर, भाच्यांची टोपडी, सगळं त्यांच्या हातचं. पुढे लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्तात मिळू लागले तरी ताईंचं विणणं थांबलं नाही.

अडचण काय होती

ताईंची पहिली तक्रार झोपेची होती. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. दिवसभर थकवा. कधी पोळ्या लाटताना रडू यायचं, कशामुळे ते सांगता यायचं नाही. काकांची तक्रार वेगळी होती: फ्रीज. मुलगा गेल्यावरही डाळ एक वाटीच लागत होती, कणीक चौघांचीच मळली जात होती. उरलेलं दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात किंवा कुस्करा होऊन पुन्हा ताटात यायचं. अन्न टाकायचं नाही हा दोघांवरचा संस्कार, म्हणून काका दोन घास जास्तच खायचे. ते मधुमेही आहेत. ऑक्टोबरच्या तपासणीत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली निघाली आणि घरात पहिल्यांदा आवाज चढला.

तिसरी गोष्ट बोलता बोलता निघाली. चार-पाच महिन्यांत ताईंनी मुलीसाठी आणि जावयासाठी सहा स्वेटर विणले होते. जाड लोकर, उंच गळा, दुहेरी बॉर्डर. दोन पार्सलं पाठवून झाली होती. पहिल्यात तुपातले लाडूही होते. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून घरगुती पार्सलमध्ये दूध आणि दुग्धजन्य पदार्थ पाठवता येत नाहीत, आणि भेटवस्तूंची किंमत ४५ युरोंच्या आत असेल तरच त्यावर कर लागत नाही. ताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. लाडू पोहोचले नाहीत. स्वेटर पोहोचले, मुलीने घालून फोटो पाठवला आणि कपाटात ठेवून दिले. तिकडे घरं आतून तापवलेली असतात, इतका जाड स्वेटर घरात घातला तर घाम येतो, आणि बाहेर पडताना त्यावर कोट चढत नाही. पण आईला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. ताईंनी सातवा स्वेटर सुयांवर घेतला होता.

ताईंचे हात सतत कामात होते. ते काम कुणाला हवं होतं का, ही शंका मात्र त्यांना आली होती. "मी करते आणि ते घेतात बिचारे," हे त्यांचंच वाक्य.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न होता तो याला आजार म्हणायचं का हा. पीएचक्यू-९ ही उदासीनता (डिप्रेशन) मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण शून्य ते सत्तावीस. ताईंचे नऊ आले, म्हणजे सौम्य उदासीनतेच्या वरच्या टोकाला. दहापासून मध्यम पातळी धरतात. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार नव्हता, ते स्पष्ट शब्दांत विचारलं होतं. असे विचार असते तर तज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. रात्री-अपरात्री गरज पडली तर म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला.

मुलांनी सुचवलेला पर्याय होता स्वयंपाकाला बाई लावण्याचा, पैसे ते देणार होते. हेतू अतिशय चांगला. पण ताईंच्या दिवसाला जो एक कणा होता तोच यात निघून गेला असता. ताईंना हे आतून कळत होतं. त्या म्हणाल्या, मग मी उठू कशाला? या पर्यायावर फार वेळ घालवला नाही.

डबे द्यायचे, हा शेजारणींचा सल्ला. ताईंच्या हाताला चव आहे, जवळच मुलींचं वसतिगृह आहे. कागदपत्रंही अवघड नव्हती. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असेल तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत होती. काकांनी हिशेबही मांडला. ताईंनी दोन दिवस विचार करून नाही म्हटलं. पुन्हा पहाटे पाचपासून गॅसपुढे उभं राहायचं, तेही महिन्याच्या बांधिलकीने, हे त्यांना नको होतं. हा नकार मला महत्त्वाचा वाटला. आपल्याला काय नको हे बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या तोंडून निघालं होतं.

चौथा पर्याय दवाखान्यातल्या नवजात बाळांसाठी लोकरीच्या टोप्या विणण्याचा. ताईंनी स्वतः जाऊन चौकशी केली. तिथल्या परिचारिकेने नीट समजावून सांगितलं: बाळाचं डोकं झाकणं गरजेचंच आहे, कमी वजनाच्या बाळाची ऊब डोक्यावाटे फार जाते, पण कपडे इथे गरम पाण्यात धुतले जातात. ॲक्रिलिक लोकर त्यात टिकत नाही, म्हणून सुती होजिअरीच्या टोप्याच चालतात. ताई घरी आल्या त्या खट्टू होऊन. पण या फेरीत एक गोष्ट झाली. विणण्याआधी "तुम्हाला काय हवं?" हे त्यांनी कुणाला तरी विचारलं होतं.

पुढे जे केलं त्याचं सूत्र इथून निघालं: कुणी मागितलेलंच करायचं. स्वयंपाकही आणि विणकामही.

काय केलं

सुरुवात रक्ततपासणीने. थायरॉइड ठीक निघालं, बी-१२ जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. ताई शाकाहारी, त्यामुळे यात नवल नव्हतं. डॉक्टरांनी काकांचंही तपासायला सांगितलं, कारण ते कित्येक वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत होते आणि त्या गोळीने दीर्घकाळात बी-१२ कमी होऊ शकतं. त्यांचंही कमीच होतं. दोघांना इंजेक्शनं सुरू झाली. ताईंच्या थकव्याचा बराच भाग हा होता. मनाच्या तक्रारीआड शरीराची तक्रार लपलेली असते आणि आमच्या कामात हे पहिल्यांदा तपासून घ्यायचं असतं.

दुसरं, दिवसाचा तक्ता. ही पद्धत साधी आहे. दिवसभरात काय केलं आणि ते करताना कसं वाटलं एवढंच लिहायचं, मग बरं वाटणाऱ्या गोष्टींना ठरलेली वेळ द्यायची, मन झालं तरच करू असं म्हणायचं नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी याच तत्त्वावर तीव्र उदासीनतेच्या रुग्णांवर काम केलं. दहा केंद्रं आणि ४९५ रुग्ण असलेली ती चाचणी २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि त्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा झाल्याचं दिसलं. ताईंचा त्रास त्या मानाने सौम्य होता, पण तक्ता त्यांना जमला. दोन आठवड्यांच्या नोंदींत एक गोष्ट उठून दिसली: सर्वांत जड वेळ दुपारची नव्हती, सकाळी साडेसात ते नऊची होती. डबे भरून व्हायची वेळ.

तिसरं, दोघांचं माप. हे वाटतं तितकं सोपं नाही. तीस वर्षं हाताला चौघांचं वळण. डाळ अर्धी वाटी घेतली तरी पाच लिटरच्या कुकरमध्ये ती तळाला दिसेनाशी होते आणि हात आपोआप आणखी एक मूठ टाकतो. म्हणून आधी दोन लिटरचा कुकर आणला. फोडणी निम्मी करता येत नाही. मोहरी तडतडायला तेल ठरावीक लागतंच, नाही तर ती करपते. त्यासाठी माळ्यावरची लोखंडी पळी खाली आली. तिच्यात चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता छान फुलतो आणि पळी तशीच आमटीत बुडवायची. मीठ निम्म्यापेक्षाही थोडं कमी घालून शेवटी चव बघायची, कारण लहान भांड्यात पाणी भरभर आटतं. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. निवताच फ्रीजमध्ये, आणि एकदाच गरम करायचा. भातातले काही जंतू शिजवूनही तग धरतात आणि बाहेर राहिला की वाढतात.

गिरणीत मात्र अडलं. तीन किलोचं दळण नेलं की आधीच्या माणसाची ज्वारी नाही तर बेसन आपल्या पिठात येतं, आणि गिरणीवाला कुरकुरतो ते वेगळंच. या अडचणीतून वरच्या मजल्यावरच्या आजी या गोष्टीत आल्या.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा अमेरिकेत. ताईंनी विचारलं, आपलं दळण एकत्र न्यायचं का? आजी हो म्हणाल्या आणि लगेच पुढचं बोलल्या, "तू भाजी करतेस ना, त्यातली वाटीभर मला देशील? पण तिखट नको. तोंडली नको, चावत नाहीत. आणि फुकट घेणार नाही." ताईंनी पैसे घ्यायला नकार दिला, आजींनी भाजी घ्यायला. शेवटी ठरलं की आजी महिन्याची भाजी आणायचे पैसे देतील आणि ताई करतील. सकाळी साडेआठला वाटी वर जाऊ लागली, तक्त्यातल्या त्याच जड वेळेला. आजी खमक्या आहेत. मेथी जून होती, डाळीला गूळ जास्त झाला, हे त्या वाटीबरोबर खाली सांगून पाठवतात. ताईंना याचा राग आला नाही. मुलांनी कधी स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत आणि मागणीही केली नाही, असं त्या एकदा म्हणाल्या.

विणकामाची मागणीही आजींचीच. त्यांचा खांदा आखडलेला, डोक्यावरून काही घालता येत नाही, आणि तयार स्वेटरची बटणं बोटांना सापडत नाहीत. त्यांना पुढून उघडा स्वेटर हवा होता. ताईंनी आठ नंबरच्या सुयांवर आधी तळहाताएवढा नमुना विणला. दहा सेंटिमीटरमध्ये बावीस टाके आले. आजींची छाती चौतीस इंच, त्यात चार इंच सैल, म्हणून पाठीला एकशे सहा टाके, पुढच्या दोन भागांना त्रेपन्न-त्रेपन्न आणि बटणपट्टी वेगळी. मुंढा नेहमीपेक्षा दोन इंच खोल घेतला, म्हणजे हात वर न उचलता बाहीत जातो. बटणं सातऐवजी पाचच, पण मोठी, आणि काजं तीन टाक्यांची. खिशात मोबाइल ठेवला की लोकरीचा खिसा लोंबतो, म्हणून आतून मलमलचं अस्तर. हे सगळं आजींना तीन वेळा घालून दाखवून ठरलं. ताईंनी आयुष्यात इतक्या वेळा उसवून इतक्या आनंदाने काही विणलं नव्हतं.

लोकर कुठली वापरायची, हा एक अवघड निर्णय होता. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेला मुलाचा कॉलेजचा मरून स्वेटर होता आणि आजींना रंग तोच आवडला. ताईंनी मुलाला फोन करून विचारलं. तो सहज म्हणाला, "उसव की, मला आता कुठे होतोय!" त्या सहजपणाचं त्यांना दोन दिवस वाईट वाटलं. हा निर्णय घाईने घ्यायचा नाही असं आमचं ठरलं. तीन आठवड्यांनी त्यांनी आपणहून शिवणी सोडल्या, लोकरीच्या लड्या करून कोमट पाण्यात धुतल्या, दोरीवर ओल्याच लटकवून खाली वजन बांधलं म्हणजे वळ्या निघतात. कोपर आणि मनगटाची झिजलेली लोकर बाजूला काढली. मुलीचा शाळेचा निळा स्वेटर मात्र ट्रंकेतच ठेवला. त्याला हात लावायचा नाही हेही त्यांनीच ठरवलं.

मुलीशी बोलणं सर्वांत नाजूक होतं. ताईंनी थेट विचारलं: घालतेस का गं तू ते? पलीकडे बराच वेळ शांतता. मग मुलीने खरं सांगितलं आणि रडली. त्यानंतर फोनचं स्वरूप बदललं. आधी रोज रात्री फोन व्हायचा, जेवलीस का, थंडी आहे का, आणि संपायचा. आता रविवारी मुलगी तिकडे ओट्याशी उभी राहते आणि ताई इथून सांगतात. तिला आमटी शिकायची होती, पण "अंदाजे" या मापाने तिचं काही जमेना. ताईंनी स्वयंपाकघरात काट्यावर आपली मूठ मोजली, गोडा मसाल्याचा चमचा मोजला. गोडा मसाला पार्सलने जातो आणि मुलगी तो मागून घेते.

काकांनी बुधवार आणि शनिवारची रात्र घेतली. अट एकच: ताईंनी स्वयंपाकघरात यायचं नाही. पहिल्या पिठल्यात गुठळ्या झाल्या, ताई दारात उभ्या राहिल्या, पण आत गेल्या नाहीत.

काय झालं

उन्हाळा येईपर्यंत झोप बरीच सुधारली. प्रश्नावलीचे गुण नऊवरून चारवर आले. काकांची साखर खाली आली. त्यात कमी झालेल्या शिळ्या अन्नाचा वाटा होता आणि रोजच्या चालण्याचाही, कुणाचा किती ते सांगणं कठीण. बी-१२ भरून निघाल्याचा परिणाम आणि बदललेल्या दिवसाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, हेही मान्य करायला हवं. विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक जणांची एक आंतरराष्ट्रीय पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यात वारंवार विणणाऱ्यांनी जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं. पण त्या पाहणीत विणकाम मुळातच आवडणारी माणसं होती. ताईही तशाच होत्या आणि तरी त्यांची झोप उडाली होती, म्हणून त्या निष्कर्षावर मी फार भार टाकणार नाही.

सगळं सरळ झालं नाही. वाचनालयाजवळ सुरू केलेला विणकामाचा गट दोन महिन्यांत विरला. २०२३ च्या दिवाळीत मुलाला सुट्टी मिळाली नाही. ताईंनी आठवडाभर आधी चौघांचा फराळ केला होता, चकल्यांचे दोन डबे भरून. त्या आठवड्यात पहाटेची जाग परत आली. आजींनी चकली बत्त्याने कुटून दह्यात घालून खाल्ली आणि आणखी मागितली, तरी ते दिवस वाईटच गेले. तक्ता पुन्हा लिहायला घेतला आणि डिसेंबरमध्ये घडी बसली.

काय वेगळं करता आलं असतं

रक्ततपासणी ऑगस्टमध्येच व्हायला हवी होती. मुलं नुकतीच गेलेली, त्यामुळे थकवा, झोप, रडू सगळ्याचा दोष त्या एका कारणावर ढकलला गेला आणि चार महिने गेले. या वयाच्या बाईला थकवा येतो तेव्हा घरातल्यांनी आधी डॉक्टर गाठावेत, असं मला तळमळीने सांगावंसं वाटतं.

काका पहिल्या भेटीपासून हवे होते. ते चौथ्या भेटीला आले आणि मग कळलं की निवृत्तीनंतर तेही मोकळेपणाने झोपत नव्हते. घरात दोन माणसं उरतात तेव्हा एकाचाच प्रश्न म्हणून त्याकडे बघणं अपुरं पडतं.

मुलीने पहिल्याच स्वेटरला खरं सांगितलं असतं तर पाच स्वेटरांची मेहनत वाचली असती. दूर राहणारी मुलं आईवडिलांना दुखवायचं नाही म्हणून गप्प राहतात, आणि आईवडील त्या गप्प राहण्याला पसंती समजतात. "आई, हा जाड होतो, बिनबाह्यांचा पातळ करशील?" असं एक वाक्य पुरलं असतं. त्यात नकार आहे आणि मागणीही आहे.

आजींच्या वाटीबद्दल एक काळजी आहे. ताईंचा सकाळचा आधार एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या व्यक्तीवर उभा आहे. आणखी एखादी मागणी, दुसऱ्या कुणाची, शेजारी उभी असायला हवी होती. तसा प्रयत्न गटाच्या रूपाने झाला पण टिकला नाही, आणि नंतर तो पुन्हा घेतला गेला नाही.

आता मुलीला बाळ होणार आहे. व्हिसाच्या नियमाप्रमाणे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच तिकडे राहता येतं, म्हणून ताई प्रसूतीच्या आधी दोन आठवडे जाणार आहेत आणि काका त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या महिन्यात. ताईंनी सुया हातात घेण्याआधी मुलीला विचारलं. तिने सहा महिन्यांच्या मापाची, पुढून उघडी, मशीनमध्ये धुता येतील अशी दोन सुती जाकिटं मागितली आहेत. दोऱ्या नकोत, आणि टोपी नको, कारण तिथल्या सुईणीने बाळाला झोपताना टोपी घालू नका असं सांगितलं आहे. ताई गेल्यावर आजींच्या भाजीचं काय, हे अजून ठरायचं आहे. काकांनी पहिले दोन महिने आपण करू म्हणून सांगितलं आहे. आजींनी त्यांना आधी आठवडाभर करून दाखवायला सांगितलं आहे.